पहिल्यांची पावले

माझ्या धाकट्या भावाची घरच्यांनी दोन माणसे केली होती, आणि ती सर्वांच्या संमतीने केली होती. एक, जो आता घरात राहत होता. दुसरा, जो ओतकामाच्या कारखान्यात देखरेखीला होता आणि ज्याची चाहूल लागताच घर श्वास रोखून धरत असे. एके दिवशी कारखान्यात साखळीला टांगलेला गरम ओतीव भाग निसटला आणि भावाच्या खांद्याजवळून जाऊन खाली आदळला. त्या संध्याकाळी तो घरी आला, बूट काढले आणि बायकोला विचारले, तू जेवलीस का. त्या घरात हा प्रश्न पूर्वी कोणी ऐकला नव्हता. पुढे त्याने ती नोकरी सोडली, आणि त्याचा राग काही परत आला नाही.

भावजयेने त्या गेलेल्या, रागीट माणसाला नाव ठेवले, 'पहिले'. दाराच्या चौकटीची भेग पहिल्यांनी पाडलेली. कपबश्यांचा संच अर्धा उरला, तोही पहिल्यांमुळे. बहुवचन का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. भावालाही ही सोय मानवली. कोणी जुना विषय काढलाच, तर तो हसून म्हणे, तक्रार पहिल्यांकडे न्या, मी नवीन आहे. असे सारे सुरळीत चालले असता जिन्यावर पावले वाजू लागली.

मी तळमजल्यावर राहतो. वरच्या मजल्यावरच्या भावाच्या घराचा लोखंडी जिना माझ्या खिडकीला लागून बाहेरून जातो. भाऊ पूर्वी कारखान्यातून परतायचा त्याच वेळी, म्हणजे दिवेलागणीला, कोणीतरी जड पावलांनी जिना चढे. भाऊ त्या वेळी वर शेंगा सोलत बसलेला असे. मी तांत्रिक महाविद्यालयात शिकलेला आणि जन्मभर यंत्रे तपासलेला माणूस. मी भावजयेला समजावले की दिवसभर तापलेले लोखंड संध्याकाळी आकसते आणि पायऱ्या बोल्टांपाशी वाजतात. तिचा जीव भांड्यात पडला. मी बोल्ट ढिले करून प्रत्येकाखाली रबरी चकती बसवली. लोखंडाची टकटक खरोखरच थांबली. त्यामुळे पावले अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागली.

एक गोष्ट मला आधीच खटकायला हवी होती. आमच्या जिन्यावर छपराची सावली वरून खाली उतरते, म्हणजे लोखंडही वरून खाली निवायला हवे. आवाज मात्र नेहमी खालून वर जाई. आणि वळणावर तो क्षणभर थांबे. त्याच जागी भाऊ कामावरून येताना डबा या हातातून त्या हातात घेत असे.

त्याच सुमारास पुतणी तान्ह्या मुलीला घेऊन राहायला आली. जावई कामासाठी दूर गेला होता आणि एकटीने बाळ सांभाळून तिची पुरती दमछाक झाली होती. लग्नानंतर ती या घरी मुक्कामाला कधीच राहिली नव्हती. भावाने तिच्यासाठी खोली रंगवून घेतली आणि पाळण्याच्या कड्यांना स्वतः तेल घालून ठेवले. आपली लेक आपल्या घरी राहावी, याखेरीज त्या माणसाला आता काहीही नको होते.

पहिल्याच संध्याकाळी मी वर बसलो असताना पावले आली. भावजयेने नकळत रेडिओ बंद केला आणि पेला टेबलाच्या कडेवरून आत सरकवला. पुतणी बाळाला छातीशी धरून कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन उभी राहिली. लहानपणी ती तिथेच उभी राहायची. भावाने आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. पावले दारापर्यंत आली आणि थांबली. कडी वाजली नाही.

"हे रोज येतात?" पुतणीने विचारले.

"येतात आणि उभे राहतात," भावजय म्हणाली. "काही करत नाहीत बिचारे."

भाऊ म्हणाला, "अगं, तो माणूस केव्हाच मेला. तो मी नाही."

"मग माझी माफी कुणी मागायची, बाबा? मेलेल्यानं?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही मला कधी हात लावलाच नाही. सगळं पहिल्यांनी केलं. मग मी रागवायचं कुणावर? या चौकटीवर?"

 तिने उद्या संध्याकाळी निघते असे सांगितले आणि पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ माझ्याकडे खाली आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, दार उघडले तर काय होईल. मी म्हणालो की यंत्राचे झाकण उघडल्याशिवाय बिघाड सापडत नाही, पण झाकण उघडताना हात गेलेली माणसेही मी पाहिली आहेत.

"दादा, तू धीर देतोयस की घाबरवतोयस?"

"दोन्ही," मी म्हणालो.

दिवेलागणीला मी त्याच्याबरोबर वर होतो. पुतणीची पिशवी भरून तयार होती. पावले आली, वळणावर थांबली, पुन्हा चढली. ती दाराशी थबकताच भाऊ उठला आणि त्याने दार उघडले.

बाहेर कोणी नव्हते. मात्र वरच्या पायरीचा पत्रा मधोमध वाकला होता, जसा अंगापिंडाने भरलेला माणूस उभा राहिल्यावर वाकतो. जळक्या वाळूचा, ओतकामाचा वास आत आला.

"चौकट मी फोडली," भाऊ त्या रिकाम्या जागेला म्हणाला. "पोरीला त्या फटीत मीच उभं केलं. ये आत."

आणि पाहुण्याला वाट द्यावी तसा तो बाजूला सरला. पत्रा सावकाश सरळ झाला. भावाने दार लावले, वळून खोलीत पाऊल टाकले आणि कपाटातल्या कपबश्या खणखणल्या. त्याच्या पायांत साध्या रबरी चपला होत्या.

तेव्हापासून जिना गप्प आहे. भावाचा स्वभाव तोच मवाळ आहे, बोलणे तेच हळू आहे, पण चाल पहिल्यांची आहे. तो चवड्यांवर चालून पाहतो. मी त्याच्या चपलांना जाड लोकरी नमद्याचे मऊ तळ लावले. फरक पडला नाही. आता घरात पहिल्यांचे नाव कोणी काढत नाही, आणि तो विनोद बंद झाल्यापासून भावजयेलाही काय बोलावे ते कधी कधी सुचत नाही. पाठीमागे ती पावले वाजली की अजूनही तिचे खांदे वर जातात.

पुतणी त्या संध्याकाळी गेली नाही. राहीन असेही म्हणाली नाही. पिशवी तशीच भरलेली आहे आणि रोजचे कपडे ती त्यातून काढते, त्यातच ठेवते.

भावाने एक शिस्त लावून घेतली आहे. तिच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी तो थांबतो आणि विचारतो, "मी येऊ?" ती कधी हो म्हणते. कधी उत्तरच देत नाही. तेव्हा तो तिथेच उभा राहतो, कुरकुर न करता, आणि काही वेळाने परत फिरतो.

काल संध्याकाळी मी वर वर्तमानपत्र चाळत होतो. जड पावले खोलीपर्यंत गेली. त्याने विचारले. आत पाळण्याची कडी करकरत होती, ती थांबली.  भावजय स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी होती.

"या," पुतणी अखेर म्हणाली. "पण बाळ आज तुमच्याकडे देणार नाही."

"बरं," भाऊ म्हणाला, आणि कपबश्या खणखणवत आत गेला.