गुरुवारची सुट्टी

धम्मरत्नने हातातलं मशीन सोडून स्टोअरमधलं काम मागून घेतलं, तेव्हा अख्ख्या लाइनने त्याला वेड्यात काढलं. ऑपरेटरचा मान टाकून नटबोल्ट मोजायला कोण जातं? पण स्टोअरला दिवसाची जनरल शिफ्ट होती आणि सुट्टी गुरुवारी, म्हणजे मिनलच्या सुट्टीच्याच दिवशी. त्याला आपली बायको परत हवी होती, एवढं साधं होतं ते.

मिनल दुसऱ्या कंपनीत, कायम फर्स्ट शिफ्टला. हा सहा वर्षं रात्रपाळीला, वर ओव्हरटाइम. हा सकाळी कुरुळीच्या खोलीवर यायचा तेव्हा ती गेलेली असायची. ती यायची तेव्हा हा घोरत पडलेला. संध्याकाळचे दीड-दोन तास काय ते मिळायचे, ते आंघोळ आणि डब्यातच जायचे. आयटीआयला असताना चिंचवड स्टेशनबाहेर घसा कोरडा पडेपर्यंत बोलणारी ही दोघं. विहारात लग्न लागताना भन्तेजींनी डोळे वटारले, तरी यांचं हसू थांबत नव्हतं. आता घरात शब्द उरला नव्हता आणि धम्मरत्नने सगळा दोष शिफ्टवर टाकला होता. माणसाची खोडच असते ती. दुखतं एकीकडे आणि मलम दुसरीकडेच.

पहिल्याच गुरुवारी तो तिला गाडीवर राजगुरुनगरला घेऊन गेला. मिसळ मागवली. त्याने कंपनीतले किस्से सांगितले, पण त्यातलं एकही माणूस तिच्या ओळखीचं नव्हतं. मग तिने शालनबाईंच्या ऑपरेशनचं सांगितलं. या शालनबाई कोण, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, माझ्या शेजारी काम करतात त्या, वर्षभर सांगतेय तुला. तो तेव्हा हं-हं करत डोळे मिटून पडलेला असणार. मिसळ संपायच्या आत दोघांचं बोलणं संपलं.

घरी आल्यावर ती चहाला आधण ठेवायला उठली आणि तशीच उभी राहिली.

"धम्मा, वाईट वाटून घेऊ नको. तू घरात असलास की मला पाहुणा आल्यासारखं होतं. कुठं बसावं, काय बोलावं, काही सुचत नाही. मला एकटीची सवय झालीय."

"मग मी काय करू?"

"रात्रपाळी परत मिळते का बघ ना."

दुसरं कोणी आहे का, हे त्याने विचारून पाहिलं. ती नाही म्हणाली आणि त्याला ते पटलं. कोणी असतं तर बरं झालं असतं, असंच त्याला वाटलं. निदान भांडता तरी आलं असतं.

शुक्रवारी तो सुपरवायझर रविराजकडे गेला. त्याचं मशीन कुलदीप नावाच्या पोराला देऊन टाकलं होतं, रात्रपाळीत जागा नव्हती. "काय राव, वहिनींनी हाकललं का?" रविराजने सगळ्यांदेखत विचारलं. पोरं खदाखदा हसली. धम्मरत्नही हसला.

आता तो साडेपाचला सुटतो, पण घरी जात नाही. चौकातल्या टपरीवर बसून राहतो. मिनलचं जेवण होऊन ती आडवी झाली असेल, असा अंदाज घेऊनच उठतो. हळूच दार लोटतो, झाकून ठेवलेलं ताट उघडतो आणि अंधारातच जेवतो.

ती बहुतेक वेळा जागीच असते. उशीर का झाला, हे मात्र तिने एकदाही विचारलेलं नाही.