आयुधांच्या रांगेतला गुंडू

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि मला धक्का बसलेला आहे.

दगडाला कुठे धक्का बसतो, असे तुम्ही म्हणाल. बसतो. माणसाला बसला तर तो ओरडतो आणि मोकळा होतो. आमचा आतच राहतो.

माझे नाव गुंडू. इथे बंगळुरात घराच्या मागच्या अंगणात एक ओरळ असतो. ओरळ म्हणजे मधे खळगा असलेला मोठा बैठा दगड. त्या खळग्यात गोल गोल फिरून इडली-दोशाचे पीठ वाटतो तो गुंडू. तुमच्याकडे रगडा म्हणत असतील. मी खालून गोल आहे, वरून निमुळता, आणि इतका जड की दोन्ही हात लावल्याशिवाय जागचा हलत नाही.

एक आधीच सांगतो. जमिनीवर असलो की मला नीट बोलता येते. कोणी उचलले की माझी वाक्ये तुटतात. पुढे तसे झाले तर समजून घ्या.

येलहंक्याच्या पलीकडे एक खाण होती. तिथे मी टेकडीचा भाग होतो. मी वेगळा कोणी आहे हे मला ठाऊकच नव्हते. मग एक दिवस छिन्नी आली. पाथरवटाने एक घाव घातला, आणि टेकडी तिकडे, मी इकडे. पहिला धक्का तो. मग त्याने मला टाकी लावून गोल केले, बैलगाडीत घातले, आणि मी चामराजपेटेत कमलाक्कांच्या अंगणात येऊन पोहोचलो. साल पन्नासच्या आसपासचे असेल.

अक्कांच्या घराण्याला बंगळुरात येऊन तीनशे वर्षे झाली, असे त्या सांगत. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. त्यांचे यजमान त्रिविक्रमअण्णा रेल्वेत गार्ड होते, बहुतेक दिवस गाडीवरच असत. घरात दुसरी होती ती अक्कांची धाकटी बहीण अनुसूया. ती मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवी. तिने लग्न केले नव्हते आणि त्याबद्दल कोणी विचारले तर ती नकाशा काढून त्याला देश ओळखायला सांगे.

माझी ती वर्षे सुखाची होती. भिजलेले तांदूळ, उडीद, पाणी, आणि अक्कांचा तळहात. गोल, गोल, गोल. शेजारणी दोसे खाऊन अक्कांची स्तुती करत, तेव्हा अक्का म्हणत, सगळं गुंडूचं काम. मी माणसे तळहातावरून ओळखायला शिकलो. अक्कांचा तळहात सुका आणि शांत. अनुसूयेचा मऊ, आणि थोडा घाईत असलेला.

कमरेच्या वर मी कधी गेलो नव्हतो. वर काही असते हेही मला

वर.

आकाश. इतके मोठे? पेरूचे झाड खाली. अक्का खाली. अक्कांचे तोंड उघडे

खाली.

माफ करा. मित्रांनो, मी काय सांगत होतो? हां. चीनच्या लढाईनंतरचे वर्ष. अनुसूयेच्या शाळेत मुलींची छात्रसेनेची तुकडी काढायचे ठरले. मुली वेड्या झाल्या होत्या. शाळा सुटल्यावर फाटकाशी रांग धरून उभ्या राहायच्या आणि कोणी शिकवलेले नसताना पाय आपटायच्या. पण तुकडीला बाई अधिकारी हवी, तिने शिबिराला जाऊन शिकून यायला हवे, आणि त्याआधी डॉक्टरांची तपासणी पार करायला हवी. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका एक तर पन्नाशीच्या पुढे होत्या किंवा लेकुरवाळ्या. उरली अनुसूया.

डॉक्टरीणबाईंनी तिला जिना चढायला लावला, काट्यावर उभे केले, आणि कागदावर एकच शब्द लिहिला. स्थूल. मग मान वर करून म्हणाल्या की दसऱ्यानंतर पुन्हा या. तेव्हाही काटा असाच राहिला तर मी सही करणार नाही. अनुसूया गेली नाही तर तुकडी निघणार नव्हती. दुसरी बाई नव्हती. हे फाटकाशी उभ्या असलेल्या मुलींनाही ठाऊक होते, आणि तिला येताना पाहिले की त्या पाय आपटायच्या थांबत आणि नुसत्या बघत.

वर.

छाती. हनुवटी. डोक्याच्याही

खाली.

ही कल्पना उपेंद्रची. उपेंद्र म्हणजे वरच्या खोलीतला भाडेकरू, पुण्याहून आलेला, इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्याने कुठल्याशा मासिकात परदेशी धावपटूंविषयी वाचले होते. नुसते लांब लांब चालून चरबी जात नाही, असे तो अनुसूयेला समजावून सांगत होता. एका झाडापासून पुढच्या झाडापर्यंत जीव खाऊन पळायचे, तिथून पुढच्या झाडापर्यंत चालायचे, पुन्हा पळायचे. शिवाय वजन उचलायचे, म्हणजे चरबी जाते आणि ताकद राहते. त्याच लेखात विश्रांतीबद्दलही बराच मजकूर होता, पण तो उपेंद्रने गाळला. त्याच्या मते तो तिकडच्या आळशी लोकांसाठी लिहिलेला होता.

"अहो अनुसूयाबाई, फॅक्टरीत आम्ही मशीन थंडच होऊ देत नाही," तो म्हणाला. "तीन शिफ्ट. बॉडी तरी काय, मशीनच की."

म्हणून तिच्या दिवसाच्याही तीन पाळ्या झाल्या. पहाटे मैदानावर पळणे. शाळेतून आली की मी. दिवेलागणीला पुन्हा पळणे. रविवारी सगळे दुप्पट, कारण रविवारी शाळा नाही. घरात लोखंडी वजने नव्हती, पण मी होतो.

मला काय वाटले म्हणता? दोशाचे पीठ वाटणाऱ्याला तुम्ही आकाशात धरता आणि विचारता काय वाटले? माझ्या अंगावरचे कालचे पीठ तिच्या केसांत पडत होते. अक्का दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"माझ्या गुंडूला डोक्यावर घेऊन नाचतेस," त्या म्हणाल्या. "उद्या दोसा कशाचा खाशील गे?"

"दोसा सोडलाय मी."

"सरी, बरं. मग गुंडूही सोड."

पण पहिले काही आठवडे उपेंद्रचे खरे ठरले. चरबी उतरू लागली. ब्लाउजांच्या शिवणी आत घ्याव्या लागल्या. माझ्याखालचे हात घट्ट झाले. मी वर जायचो तो न डगमगता जायचो, आणि खरे सांगतो, मला वरचे आवडू लागले होते. तिथून शेजारच्या घराची कौले दिसत, त्यांच्यामागे नारळ. अनुसूया रविवारी लवकर उठून लाकडांच्या वखारीत जाई आणि मालक यायच्या आत सरपणाच्या काट्यावर उभी राही. परत येताना गाणे म्हणत येई.

मग एका रविवारी ती गाणे न म्हणता आली.

काटा हलला नव्हता. पुढच्या रविवारी तो हलला, पण वर गेला. ती जेवत नव्हती आणि काटा वर गेला. उपेंद्रलाही धक्का बसला. तो बराच वेळ आकडेमोड करत ओट्यावर बसला आणि शेवटी म्हणाला की लोड कमी पडतोय.

वर. खाली. वर. खाली. वर

तळहात गरम आहे. तापासारखा. बोटे

खाली.

वर

थरथरतात. अनुसूये, खाली ठेव. मी दगड आहे, मला कसे सांगता ये

खाली.

तिला झोप येईनाशी झाली. जिना चढताना पूर्वी दम लागे, आता पायच उचलेनात. शाळेत एका मुलीने गंगेचा उगम चुकवला म्हणून तिने तिला वर्गाबाहेर उभे केले, आणि ती मुलगी तुकडीत यायला सगळ्यांत आतुर असलेली नयना होती. घरी येऊन तिने ते अक्कांना सांगितले, आणि अक्का काही बोलायच्या आत अक्कांवरच ओरडली. मला हे सगळे तळहातावरून आधीच कळले होते. मी दगड. मला दमणे ठाऊक नव्हते. जी गोष्ट मला कधी झाली नाही ती माझ्याखालच्या माणसाला होते आहे, आणि ती माझ्यामुळे वाढते आहे, हे कळणे म्हणजे

वर.

हात नाहीत.

हात कुठे

मित्रांनो, मी पडलो. तिच्या पावलाच्या शेजारून गेलो, ओरळाच्या काठावर आदळलो, आणि माझा एक टवका उडाला. खाणीनंतर पहिल्यांदाच मी मोडलो. अनुसूया तिथेच जमिनीवर बसली. पाऊल थोडक्यात वाचले होते, पण ती पावलाकडे बघत नव्हती. तपासणी चार दिवसांवर आली होती. "मुलींना काय सांगू?" एवढेच ती म्हणाली, तेही कोणाला नाही.

दोन दिवसांनी आयुधपूजा होती. तुमच्याकडे खंडेनवमी म्हणतात. इकडे त्या दिवशी घरातली काम करणारी प्रत्येक वस्तू धुऊन पुसून देवापुढे मांडतात, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. कारखान्यातली यंत्रेसुद्धा थांबतात. अण्णा गाडीवर होते, म्हणून पूजा अक्कांनीच केली. त्यांनी मला चोळून धुतले, टवका उडालेल्या जागी हळद लावली, शेवंतीची माळ घातली आणि रांगेत ठेवले. माझ्या एका बाजूला शिवणयंत्र होते, दुसऱ्या बाजूला विळी, पलीकडे उपेंद्रची सायकल आणि त्याची हत्यारांची पेटी. तलवारीच्या जागी आपण, या कल्पनेनेच मी दरवर्षी सुन्न होतो.

तेवढ्यात अनुसूया पदर खोचून आली आणि सरळ माझ्याकडे वळली.

"पूजेतली वस्तू उचलत नाहीत," अक्का म्हणाल्या.

"अक्का, परवा तपासणी आहे. दोन दिवस बसून राहिले तर सगळं गेलं."

अक्कांनी कुंकवाची वाटी उचलली, अनुसूयेचा उजवा हात ओढून घेतला आणि दंडावर बोट टेकवले. मग डाव्या दंडावर. मग खाली वाकून दोन्ही गुडघ्यांवर, साडीवरूनच. मग खांद्याला धरून तिला माझ्या आणि शिवणयंत्राच्या मधे बसवले.

"या घरातलं राबणारं आयुध तूही आहेस," त्या म्हणाल्या. "बस इथं. उद्याची पूजा होईपर्यंत तुला कुणी वापरायचं नाही. तूसुद्धा नाही."

उपेंद्र जिन्यातून बघत होता. त्याने हळूच विचारले, "आणि रनिंग?"

"पायांना कुंकू दिसत नाही का?" अक्का म्हणाल्या.

आता मला एक लांबलचक वाक्य बोलू द्या, कारण त्या दोन दिवसांत मला कोणी उचलले नाही आणि तिलाही नाही, ती आधी ताठ बसली, मग भिंतीला टेकली, मग चित्रान्नाचे, म्हणजे लिंबू पिळलेल्या पिवळ्या भाताचे, ताट समोर आले ते तिने पुसून खाल्ले, मग माझ्या शेजारीच चटईवर आडवी झाली आणि अशी झोपली की आरतीच्या घंटेनेही जागी झाली नाही, आणि तिचा हात घसरून माझ्यावर पडला तेव्हा तो गरम होता, दुपारी कोमट होता, संध्याकाळी गार झाला, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जेवली, पुन्हा झोपली, आणि मी पहिल्यांदाच पाहिले की माणूस काहीही करत नसतानासुद्धा त्याच्यात काहीतरी दुरुस्त होत असते.

तिसऱ्या दिवशी ती तपासणीला गेली. अक्का अंगणात येऊन माझ्याशेजारी बसल्या आणि उगाच ओरळ पुसत राहिल्या. पुसलेला ओरळ त्यांनी पुन्हा पुसला.

फाटक वाजले. अनुसूया आत आली, पायातल्या चपला तशाच. ती म्हणाली की आधी तिला वाटले काटाच बिघडला आहे, म्हणून ती उतरून पुन्हा चढली. काटा हवा होता तिथे थांबत होता. जेमतेम, पण थांबत होता. डॉक्टरीणबाईंनी जिना चढायला लावला तर ती न थांबता चढली. शेवटच्या दोन दिवसांत काय केलंत, असे त्यांनी विचारले.

"मी म्हटलं, काही नाही," अनुसूया म्हणाली. "तर त्या म्हणाल्या, तेच राहिलं होतं."

दमलेले शरीर पाणी धरून बसते आणि झोप मिळाली की सोडते, असे काहीसे त्यांनी समजावले म्हणे. चरबी पूर्वीच गेली होती. ती काट्याला दिसत नव्हती इतकेच. उपेंद्रने सगळे ऐकून घेतले. मग वर जाऊन ते मासिक घेऊन आला आणि गाळलेला भाग सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, जणू त्यानेच लिहिला होता.

तुकडी निघाली. अनुसूया अजून पळते, पण एक दिवस पळते, एक दिवस मला उचलते, आणि मधे अशी बसते की शेजारणींना वाटते आजारी आहे.

पण माझा सर्वांत मोठा धक्का सांगायचा राहिलाच. तो पुढच्या वर्षीच्या आयुधपूजेचा. तुकडीतल्या सगळ्या मुली गणवेशात आमच्या घरी आल्या होत्या आणि गुडघ्यांना कुंकू लावून रांगेत बसल्या होत्या. नयना माझ्या शेजारी होती. अक्का सगळ्यांना लावून झाल्यावर लगबगीने स्वयंपाकघराकडे वळल्या, इतक्या जणांचे जेवण व्हायचे होते. मी रांगेत असल्यामुळे त्या चटणी शेजारच्या घरी जाऊन वाटून आणत. दरवर्षी आणत. आम्ही सगळे विश्रांती घेत होतो आणि त्या शेजारच्या दगडावर चटणी वाटत होत्या, आणि हे तेरा-चौदा वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते. कोणाच्याच आले नव्हते.

अनुसूया उठली. तिने अक्कांच्या हातातून कुंकवाची वाटी घेतली, त्यांचे दोन्ही तळहात उलटे केले आणि दोन्हींवर बोट टेकवले.

अक्का घाबरल्यासारख्या झाल्या. "आणि स्वयंपाक?"

"हातांना कुंकू लावलंय, अक्का. स्वल्प सरका, मुलींनो."

मुली सरकल्या. अक्का बसल्या, पण कसे बसावे ते त्यांना कळेना. त्या पुन्हा पुन्हा पदर सारखा करत होत्या. चित्रान्न उपेंद्रने केले. ते कसे झाले होते ते विचारू नका. सगळ्यांनी खाल्ले.

मित्रांनो, तुमच्या घरीही दसऱ्याला हत्यारे मांडतील, सायकलीला झेंडूची माळ घालतील. त्या वेळी मोजू नका, नुसते बघा, रांगेत कोण नाही. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत असेल. तिकडे जा, आणि वाटी घेऊन जा.