तळफळीवरच्या अकरा वह्या

कपाटात सहा फळ्या होत्या आणि २००५ च्या जुलैतल्या त्या सकाळी त्यांवर दोनशे चौदा पुस्तकं होती. सगळ्यांत वर तांबड्या कापडात बांधलेली नऊ आणि काळ्या कापडातली सात. त्यांच्याखाली त्यांच्या आधीची, त्याखाली त्याहून जुनी, असं उतरत उतरत तळाच्या फळीवर अकरा वह्या. पानं दोन हजार एकशे बारा, एकाच हातची, निळ्या शाईत. दुसरी प्रत कुठंही नव्हती.

कपाट ख्वाजाचाचांचं. कोल्हापुरात नदीकडच्या उतारावर त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं आणि जोडीला भाड्यानं पुस्तकं द्यायचा उद्योग. परदेशी अद्भुतकथांच्या जाडजूड मालिका हाताळून खिळखिळ्या झाल्या की चाचा त्या नव्यानं बांधायचे. त्यामुळं सभासद त्यांना कापडाच्या रंगावरून ओळखत. "काळीतला चौथा आलाय का?" असं विचारत. वह्या मात्र भाड्यानं जात नसत. चाचांच्या वडिलांनी लहानपणापासून ऐकलेली दास्तान, रात्री-रात्री सांगितली जाणारी लांबलचक अद्भुतकथा, स्वतः उर्दूत उतरवून काढली होती, ती ही.

पुस्तकांचा क्रम प्रसेनजीत या तरुण सभासदानं लावलेला. तो भूगर्भशास्त्रात नुकताच बी.एस्सी. झाला होता आणि त्याला एक कोडं पडलं होतं. तांबडीत एक दरवाजा होता, पहारेकरी स्वतःचं नाव विसरला तरच उघडणारा. काळीतही तोच. मग कुणी कुणाचं उचललं, की दोघांनी तिसऱ्याचं? अशा सत्तावन्न गोष्टींचा त्यानं तक्ता केला आणि खडकांच्या थरांसारखी पुस्तकं रचली, जुनं खाली आणि नवं वर. दरवाजा मधल्या एका फळीवर सापडला, मग खालून दुसऱ्या फळीवरच्या एका जुन्या भाषांतरात. चाचांनी तिसरी वही वाचून दाखवली तेव्हा तिथंही निघाला. एक दुसऱ्याची आई नसेल, पण दोघांची आई एकच असावी, असं त्यानं पेन्सिलीनं नोंदवलं.

बुडालेलं शहर तर वरच्या पाचही फळ्यांवर होतं. वह्यांमधलं सातवीत होतं म्हणे.

"कसं बुडतं, चाचा?"

"सातवी आली की ऐकशील. मधनं सांगायचं न्हाय. आमच्या अब्बांनीबी कधी मधनं सांगितलं न्हाय."

दर शुक्रवारी नमाजनंतर चाचा दहा पानं वाचत. चौथी वही चालू होती.

नदी पात्राबाहेर येऊन तीन दिवस झाले होते. दुकानाला चार पायऱ्या, पाणी पहिलीवर. प्रसेनजीत दर दोन तासांनी काठी लावून मोजत होता. चार इंच, तीन, दीड. आलेखाच्या कागदावर रेघ वाकत चालली होती.

"दुसऱ्या पायरीवर थांबेल," तो दहा वाजता म्हणाला.

भिंतीवरून मुंग्यांची रांग वर निघाली होती, तोंडात पांढरी अंडी घेऊन.

चाचांच्या मुलीनं, नसरीननं, तरीही रिकामी पोती आणली. गल्लीच्या तोंडाला शेजारच्या भाऊसोंची ट्रॉली उभी होती.

"आधी खालचं काढूया की," ती म्हणाली.

"खालचं शेवटी. वरून काढलं तर पोत्यांना ओळीनं नंबर पडतात. नाहीतर महिनाभर जुळवत बसू."

"पाणी खालनं यायलंय, प्रसेन. वरनं न्हाय."

"उंबरा अजून एकोणीस इंच वर आहे."

"आणि तुझ्या कागदाला पोहता येतंय?"

चाचा हसले. नसरीननं तळफळीचं लाकडी दार उघडून सातवी वही अर्धी बाहेर ओढली होती.

"एकटी काढू नगं," ते म्हणाले. "अकराच्या अकरा संगं निघतील. आणि पोरगं मोजून बोलतंय, आपण अंदाजानं."

तिनं वही आत सारली आणि दार लावलं.

दुपारी दोनपर्यंत वरच्या तीन फळ्या रिकाम्या झाल्या. तांबडी आणि काळी तर सभासदच काखोटीला मारून घेऊन गेले. दोन वाजून दहा मिनिटांनी प्रसेनजीतनं काठी लावली. एक इंच वाढ अपेक्षित होती, पाच इंच भरली. काठी सरकली असेल, असं समजून त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा पाच. आकड्यापुढं प्रश्नचिन्ह काढून तो चौथी फळी भरायला गेला.

तेवढ्यात कर्ण्याची गाडी आली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, गल्ली सोडा.

पाणी उंबऱ्यावरून आत आलं तेव्हा आवाज झाला नाही. फक्त खळीचा डबा तरंगत टेबलाखालून बाहेर आला. प्रसेनजीतच्या डोक्यावर अकरा नंबरचं पोतं होतं. ते टाकून तो तळफळीशी वाकला तोवर पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि दार फुगून बसलं होतं. त्यानं दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा मूठ हातात आली.

मागं चाचा घसरून पडले. नसरीननं त्यांच्या काखेत हात घातला.

"म्हाताऱ्याला धर की आधी," भाऊसो दारातनं ओरडले. "कागूद ऱ्हाऊ द्यात."

शाळेतल्या निवाऱ्यात चाचांनी आठ दिवसांत एकच गोष्ट विचारली.

"चौथी कुठवर आलती रं?"

"पान शहाऐंशी."

नवव्या दिवशी भाऊसोंनी पहारीनं तळफळीचं दार फोडलं. फुगलेल्या वह्या एकमेकींत रुतून बसल्या होत्या आणि तळफळीवरचा गाळ निळा झाला होता. प्रसेनजीत पट्टीनं एकेक पान सोडवून टीपकागदावर ठेवी. नसरीन ते उजेडात धरी आणि "हाय" किंवा "न्हाय" म्हणे. तो खूण करी. चाचा वरच्या पायरीवर पाठ करून बसत. हे काम बारा दिवस चाललं.

एकूण पानं दोन हजार एकशे बारा. वाचता येणारी एकेचाळीस. त्यांपैकी सातव्या वहीतली शून्य.