सहाची गोळी

मावशींना इंग्रजीतलं बाकी सगळं एक वेळ पचलं असतं, पण कुणाला काय दिलं हे लिहायची वेळ आली की गाडी अडलीच. आपल्याकडे कसं, ‘मास्तरांना गोळी दिली’ म्हणा नाहीतर ‘गोळी दिली मास्तरांना’, कुणी घोटाळा करून घेत नाही. इंग्रजीत शब्द जरा इकडचा तिकडे झाला की गोळीलाच मास्तर दिले जायचे. आता सेहेचाळिसाव्या वर्षी बाईनं हे कुठे शिकावं?

पण शिकणं भाग होतं. मावशी आया होत्या त्या वृद्धाश्रमाच्या नव्या मालकांनी नियम काढला होता, ज्या आयाबाईला इंग्रजीत नोंद लिहिता येत नाही तिला ठेवायचं नाही. मावशी दोनदा नापास झाल्या होत्या. तिसरी आणि शेवटची परीक्षा शुक्रवारी अकराला होती. नोकरी गेली की आवारातली खोलीही जाणार, आणि त्या खोलीत त्यांची बारावीतली लेक अभ्यास करत बसलेली. जायचं कुठे? भावाच्या दारात? भावजयीनं उंबरासुद्धा ओलांडू दिला नसता.

त्यांना शिकवायचे तीन नंबरच्या खोलीतले मास्तर. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस, आता फिट यायची म्हणून सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला गोळीवर होता. गुरुवारी दुपारी ते म्हणाले, “पुस्तकातल्या जॉननं मेरीला फूल दिलं तर तुमचं काय जातं, मावशी? तुम्ही दिवसभर ज्याला जे देता तेच लिहा. सगळं दिलं म्हणून लिहा, दिवस संपल्यासारखं.”

वही संपली होती. मावशींनी काउंटरवरच्या नोंदींच्या पॅडचा कागद फाडला आणि घाम पुसत दहा वाक्यं लिहिली. आजींना दूध दिलं, काकांना चष्मा दिला, असं करत शेवटी मास्तरांना सहाला गोळी दिली. घड्याळात तेव्हा तीनही वाजले नव्हते.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. “दहापैकी दहा,” म्हणाले.

तेवढ्यात पाच नंबरची घंटा वाजली. मावशी कागद काउंटरवर टाकून धावल्या, आणि चारला ड्यूटी संपल्यावर लेकीला दहापैकी दहा सांगायला तशाच खोलीकडे गेल्या. कागदाची आठवण कुणाला राहते?

शुक्रवारी सकाळी आठाच्या आधीच मास्तर बेसिनपाशी कोसळले. सिस्टरनं त्यांना कुशीवर वळवलं, फिट थांबली, पण डोळे उघडेनात. मावशी परीक्षेच्या फॉर्मवर मोठ्या बाईंची सही घ्यायला आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. आश्रमाचा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाई फोनवर डॉक्टरांशी बोलत होत्या.

“हो डॉक्टर, कालची सहाची गोळी दिलीय. इथे नोंद आहे.” बाईंनी फाइल जवळ ओढली. “गोळी घेऊनही फिट आली म्हणजे ती लागू पडत नाही, बरोबर. दुसरं औषध जड आहे? त्यांच्या वयाला धोका... हो, पण इलाज काय.”

फाइलला लावलेल्या कागदावर मावशींचंच अक्षर होतं.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. सही झाली की अकराचा पेपर, आणि पेपर आता त्यांना येत होता, खरंच येत होता. देवा, लेकीचं वर्ष आहे, एवढं एकदा गप्प बसू दे मला. मग मास्तरांचा हात हलला, नुसता हलला, आणि मावशींना राहवलं नाही.

“बाई, थांबा. गोळी दिली नाही.”

“इथे लिहिलंय की.”

“तो माझा अभ्यास आहे. त्यातलं काहीच झालेलं नाही. मी कागद तिथंच विसरले.”

बाईंना आधी उमजेचना. सिस्टरनं मात्र फाइलमधला कागद उपसून पुन्हा वाचला. “मावशी, काल सहानंतर मीच तो वाचून फाइलला लावला आणि गोळी परत डब्यात ठेवली. मला वाटलं, तुम्ही खोलीतून परत येऊन गोळी देऊन गेलात, आणि आता लिहायलाही यायला लागलं. किती बरं वाटलं होतं मला.”

डॉक्टरांनी औषध बदललं नाही. मास्तरांना त्यांचंच नेहमीचं औषध सुईतून दिलं. बाईंनी मावशींच्या हातातला फॉर्म घेतला आणि सही न करता ड्रॉवरमध्ये ठेवला. “खोटी नोंद फाइलला लागली, मावशी. मी पाठीशी घालू शकत नाही. बारापर्यंत त्यांच्यापाशी बसा, मग सामानाचं बघा.”

मावशी पलंगाशेजारी बसून रडल्या, तोंडात पदराचा बोळा धरून. आता लेकीला कुठल्या तोंडानं सांगायचं, एवढं एकच डोक्यात घुमत होतं.

साडेअकराला मास्तरांनी डोळे उघडले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ पाहत राहिले.

“अकरा वाजून गेले,” ते जड जिभेनं म्हणाले. “पेपर झाला?”

“झाला.”

“कसा गेला?”

मावशींनी त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली. “सोपा होता, मास्तर. तुम्ही शिकवलेलंच आलं होतं.”

“मग आता तुमची खोली कुणी घेत नाही,” मास्तर म्हणाले, आणि समाधानानं पुन्हा डोळे मिटले.