पहिले पाचशे मैल

मोटारीबद्दल माझ्याशी कोणी वाद घालू नये. सौंसरात पहिली मोटर आमच्याच दारात उभी राहिली, सदतीसची फोर्ड. नव्या मॉडेलांचं कौतुक मले सांगू नका. पत्रा म्हणाल तर पापड. बूड इतकं खाली का जाम नदीच्या उताराले दगडावर टेकते. तरी लोकं पांढुर्ण्याहून विचाराले येतात, "रघुनाथराव, कोणती घेऊ?" अन् मी सांगतो.

छप्पनच्या दसऱ्याले मी फोर्डचं इंजन नवं करून घेतलं. नागपूरच्या सीताबर्डीचा मिस्त्री हात पुसत म्हणाला, "नवे पिस्टन हायेत, रावसाहेब. पहिले पाचशे मैल ताशी पंचविसाच्या वर नेऊ नका. नाई तर जन्माचं नुकसान." झालं! मी मैल मोजाले लागलो. घरच्यांलेही बसू देत नव्हतो. माझी बायको कलाबाई म्हणे, "मोटर हाय का ओली बाळंतीण? किती जपून राहिले!"

खरी बाळंतीण तर घरातच होणार होती. माझी धाकटी बहीण शकू दिवस भरत आले म्हणून आमच्याकडं आली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे जबाबदारी भावाची. तिचा नवरा श्रीधर पांढुर्ण्याचा, संत्र्याचा व्यापारी. तिले सोडून जातानी म्हणाला, "दादा, तुमच्या दारात मोटर हाय, मले घोर नाई."

नोव्हेंबरात राज्यं बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. त्यानंतर पंधरवड्यानं, एका सकाळी शकूले कळा सुरू झाल्या अन् रक्त थांबेना. सुईण म्हणाली, नागपूरले न्या, आत्ताच्या आत्ता.

शकूचं डोकं मागं कलाबाईच्या मांडीवर होतं. मी काटा पाहून राहिलो होतो. पंचवीस. लोधीखेड्याचा फाटा गेला, तरी पंचवीस. कलाबाई ओरडली, "अवो, पळवा ना!" मी म्हणालो, "पळूनच राहिली." तिले काटा कुठं समजत होता! मले वाटलं, पहिलटकरणीचं लांबतच असते, एवढ्यानं काय होते. लाज वाटते सांगाले, पण हेच वाटलं. नव्या सरहद्दीवर बांबू आडवा होता. शिपायानं आम्हाले लांबूनच पाहून तो उचलला.

डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणायचं होतं." शकू गेली. पोटातलं लेकरूही गेलं. चाळीस मैलाले पंचविसानं किती वेळ लागते अन् पन्नासानं किती, हे साऱ्या सौंसरात माझ्याइतकं कोणाले समजते?

श्रीधरनं सारा दोष सरहद्दीले दिला. "नाक्यावर अडवलं असन दादाले, आग लागो त्या नाक्याले," असं भेटन त्याले सांगे. मी तोंड उघडलं नाई. कलाबाई तर त्या दिवसापासून शकूचं नावच काढत नव्हती.

अन् दर दसऱ्याले श्रीधर पांढुर्ण्याहून येते. फोर्डले झेंडूचा हार घालते, बोनेटवर हात ठेवते. "हिनं आपल्याकडून केलं, बिचारीनं." तवा मले भुईत गाडून घ्यावं वाटते.

यंदाही आला. हार घातला, मले आपट्याचं पान दिलं अन् खुशीत म्हणाला, "दादा, मी नवी गाडी नोंदवली. पण विकणारा म्हणते, पहिले पाचशे मैल पंचविसानंच चालवा लागते. खरं हाय का?"

साऱ्या तालुक्याले मत देणारा मी, हारातलं एक फूल सरळ करत राहिलो.

"खरं हाय," मी म्हणालो. "पण घरात कोणी अडलं तर पळवजो रे बाप्पा. जळू दे इंजन."

तो हसला. मग हसता हसता थांबला. फोर्डकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"तुमचं इंजन त्याच दसऱ्याले नवं झालं होतं ना, दादा?"

मी मान खाली घातली.

श्रीधरनं बोनेटवरचा हार काढला, हाताले गुंडाळला अन् फाटकाबाहेर चालू लागला. त्याले द्यायचं आपट्याचं पान माझ्या हातातच राहिलं.