झाडू लागला

आमच्या विद्यापीठात प्राध्यापक आपणहून निवृत्त होत नाहीत, त्यांना ढकलावं लागतं. मृदाशास्त्राचे ऑरेस्ट हॉरिलुक तर ढकलूनही हलेनात. "कर्लिंगचा कप आपल्या विभागात आला की त्याच दिवशी नोकरी सोडतो," असं त्यांनी बायकोला वचन दिलं होतं. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत वर्तुळाच्या मध्याजवळ नेण्याचा खेळ. आमचा संघ इतका रद्दी, की हे वचन म्हणजे नोकरीचा तहहयात पट्टाच.

बायको मार्लिस दंतवैद्यक विभागात कामाला, आणि तिथल्या संघाची कप्तान. तिला डोंगरापलीकडे केलोना शहरात बहिणीशेजारी घर घ्यायचंय. तिथे थंडीने इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीला विजेची वायर लावून झोपावं लागत नाही, हे ती येताजाता ऐकवते. पण बाई पट्टीची खेळाडू, मुद्दाम हरणं तिला जमत नाही. दरवर्षी तीच जिंकायची आणि घरी जाऊन चरफडायची.

यंदा कसं कोण जाणे, अंतिम सामन्यात शेवटच्या दगडापर्यंत आम्ही बरोबरीत होतो. तो दगड ऑरेस्टचा. त्यांनी तो बर्फावरून सोडला आणि या वयात स्वतःच त्याच्यामागे धावले. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ते, दगड लांब जावा म्हणून त्याच्यापुढचा बर्फ झाडूने घासत निघालो. दगड घसरत घसरत वर्तुळाच्या मधोमध जाऊन बसला. हरलेली मार्लिस खुदकन हसली. तिला केलोना दिसलं असावं.

"माझा झाडू लागला दगडाला," ऑरेस्ट म्हणाले.

आमच्यात पंच नसतो. दगडाला झाडू लागणं हा फाउल; लागला तर ज्याचा त्याने सांगायचं, आणि सांगणाऱ्याशी वाद घालायचा नाही. दगड ठेवायचा की काढायचा, ते समोरचा कप्तान ठरवतो.

"राहू दे," मार्लिस म्हणाली. "निसटता लागला असेल."

"निसटता कसला? चांगला लागला. तू दगड ठेवलास तर मी कपाला हात लावणार नाही."

मी तोंड उघडलं. ऑरेस्टनी माझ्याकडे असं पाहिलं, की मिटलं. तिकडे दंतवैद्य आपल्या कप्तानाकडे टक लावून बघत होते. मार्लिसने पायाने दगड बाहेर सरकवला. वर्तुळात तिचाच तेवढा उरला, आणि कप पुन्हा दंतवैद्यकात गेला.

जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला बिअर पाजायची, ही आमची रीत. मार्लिस ग्लास घेऊन आली तेव्हा ऑरेस्ट दुःखाने उकडलेल्या करंजीसारख्या पेरोगीची दुसरी प्लेट संपवत होते.

"वाईट वाटतं गं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"बघू की. आज मीही बघत होते. तुझा झाडू आणि तो दगड, मध्ये माझी बहीण आडवी झोपली असती."

"मग बोलली का नाहीस?"

"कबूल करणाऱ्याशी वाद घालायचा नसतो ना." ती माझ्याकडे वळली. "काय रे डेल, नवराबायकोला एकमेकांच्या संघातून खेळता येतं ना?"

"येतं."

"मग पुढच्या वर्षी मी तुमच्याकडून. शेवटचा दगड मी सोडणार, झाडू तू मारायचास. आणि ऑरेस्ट, तू काचेपलीकडे प्रेक्षकांत बसायचंस. हात खिशात घालून."

ऑरेस्टच्या घशात पेरोगी अडकली. मी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, जरुरीपेक्षा जरा जोरातच.