वाळुंजाची खोपी

१९८७ साली माझी बदली सातपुड्याच्या पायथ्याला झाली. चोपड्याहून वर, पावरा लोकांची वस्ती, एका खोलीची शाळा आणि मी एकटाच शिक्षक. आमचं घर रावेरकडचं, केळीच्या मळ्यांतलं. हिरवळीत वाढलेला माणूस मी, आणि इथे मुरूम. शाळेचा पत्रा फाल्गुनापासूनच इतका तापायचा की पोरं आत बसायची नाहीत, आणि बाहेर बसवावं तर सावलीला झाड नव्हतं.

त्यात पंचायत समितीकडून शालेय बागेच्या स्पर्धेचं पत्र आलं. मी झेंडू लावला, गुलबक्षी लावली. निम्मं शेळ्यांनी खाल्लं, निम्मं उन्हानं गेलं.

शाळेलगतच्या हापशावर मोगराबाई पाण्याला यायची. तिची मुलगी दिवाली माझ्याकडे दुसरीत होती. पौषातल्या एका सकाळी मोगराबाईनं हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "गुरुजी, उन्हाळामा पोरे तपतीन. नालावरथून वाळुंज आनू का? जित्ती खोपी करी देसू."

"जिवंत खोपी? ती कशी?"

"मना बाप नालावर करे. मासा धराले त्यामा बसे."

मी हो म्हटलं, पण मनात म्हटलं, काय करायचं ते करू दे. वाळुंज म्हणजे नाल्याकाठचं, पाणथळ जागेतलं झाड, पाहिलं होतं, पण त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी ती मनगटाएवढ्या जाड, पुरुषभर उंच काठ्यांचा भारा घेऊन आली. हापशाचं सांडपाणी जिथे मुरायचं तिथे तिनं पायानं गोल आखला, पहारीनं हात-दीड हात खोल भोकं पाडली आणि काठ्या रोवल्या. बारीक फांद्या आडव्या-तिडव्या विणल्या, शेंडे वर एकत्र आणून आपट्याच्या सालीनं बांधले. दारासाठी पूर्वेला जागा सोडली. शेळ्यांसाठी भोवती बोरीच्या काट्या टाकल्या. तिला चार दिवस लागले. दिवाली साल सोलून द्यायची. मी त्या वेळी आत बसून मासिक पत्रक भरत होतो.

माघात काठ्यांना डोळे फुटले. वैशाखात पाहावं तर भिंती हिरव्या झालेल्या, आत पंधरा पोरं मांडी घालून पाढे म्हणताहेत आणि बाहेर मुरूम भाजतोय. नवी फांदी वाढली की मोगराबाई येता-जाता ती विणीत खोचून जायची.

भाद्रपदात स्पर्धेचे अधिकारी आले. जीपमधून उतरले आणि सरळ खोपीत गेले. वाकून, हात लावून पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, "वा गुरुजी! हे कुठे पाहिलंत तुम्ही?"

मोगराबाई हापशावर होती, दहा पावलांवर. तिचा दांडा थांबला.

मी म्हणालो, "एका पुस्तकात वाचलं होतं, साहेब."

असं का म्हणालो हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. विचार करून बोललो नव्हतो. साहेबांनी 'तुम्ही' म्हटलं आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं, एवढंच. क्षणभरानं दांडा पुन्हा चालू झाला. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नसेल.

जिल्ह्यात आमच्या शाळेचा पहिला नंबर आला. जानेवारीत जळगावला समारंभ होता. पाच पोरं घेऊन गेलो, त्यांत दिवालीही होती, नवं परकर-पोलकं घालून. मंचावर मला बोलायला सांगितलं तेव्हा मी ते पुस्तक पुन्हा सांगितलं आणि या वेळी जरा वाढवूनच सांगितलं. परदेशी पुस्तक, त्यात चित्रं, मग मी केलेले प्रयोग. टाळ्या पडल्या. दिवाली माझ्या शेजारीच उभी होती, माझ्याकडे बघत.

परतीच्या एसटीत बाकीची पोरं खिडकीसाठी भांडत होती. दिवाली माझ्याजवळ बसली होती. चोपडा आल्यावर तिनं विचारलं, "गुरुजी, ते पुस्तक शाळेच्या पेटीत आहे का?"

"नाही. घरी आहे."

त्यानंतर मी मोगराबाईला टाळू लागलो. ती हापशावर दिसली की मी फळ्याकडे वळायचो. पोरीनं घरी सांगितलं असणार, बाई चिडली असणार, असं मी धरून चाललो होतो. मूर्तीला पाठ करून बसलेल्या माणसासारखी माझी गत झाली होती.

एप्रिलमध्ये धुळ्याच्या एका अध्यापक विद्यालयानं बोलावलं. चाळीस शिक्षकांना खोपी करून दाखवायची होती. मी पांझरेकाठच्या वाळुंजाच्या पालवलेल्या फांद्या तोडल्या, आठवेल तसा गोल आखला, रोवल्या, विणल्या. दिसायला झाली झकास. महिन्याभरात पत्र आलं: 'सर्व काठ्या वाळल्या. कृपया येऊन मार्गदर्शन करावे.'

आता जाणं भाग होतं. तिच्याकडे.

मोगराबाई अंगणात चारोळ्या फोडत होती. मला पाहताच तिनं हात पुसले, बाज झटकली आणि हसली.

"पुस्तक लयनात का गुरुजी?"

मला कळेना.

"दिवाली सांगस, तुमना पुस्तकमा आपली खोपी शे. चित्र बी शेतस. माले वाचता नही ये, पन चित्र ते दखासू. मना बापनं नाव शे का त्यामा?"

मी चार महिने तोंड लपवत होतो ती चिडली असेल म्हणून. ती चिडली नव्हती. ती पुस्तकाची वाट पाहत होती. नाल्यावर मासे धरणाऱ्या तिच्या बापाची खोपी कुठल्याशा मोठ्या माणसानं लिहून ठेवली, याचा तिला आनंद झाला होता. दिवाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मी बाजेवर बसलो नाही. म्हणालो, "मोगराबाई, पुस्तक नाही."

"घर राहिनं?"

"घरीही नाही. कुठेच नाही. मी खोटं बोललो."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे. तिचं हसू एकदम गेलं नाही. कुठे ठेवावं ते न कळल्यासारखं थोडा वेळ तोंडावर राहिलं.

"खोटं काबर बोलनात?"

मी बी.ए., बी.एड., आणि अंगणात खाली मान घालून उभा. दिवाली आत निघून गेली.

मग मी धुळ्याचं सांगितलं. काठ्या वाळल्या म्हटल्यावर मोगराबाई म्हणाली, "आते पानी वर चढी जायेल शे झाडमा. पान झडी जातंस, मंग डोळा फुगतंस, तव्हय तोडनी. आनि एक रात पानीमा ठेवनी." मग चारोळ्यांची परडी पुढे ओढत म्हणाली, "हिवाळामा मी येसू. पन तठे तुमी सांगज्यात."

पुढच्या जानेवारीत आम्ही धुळ्याला गेलो: ती, दिवाली आणि मी. ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या काठ्या एसटीच्या टपावर. अंगणात चाळीस शिक्षकांसमोर मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ही कला मोगराबाईंची आहे. खरं ज्ञान यांच्याकडे आहे. मी निमित्तमात्र."

एवढं बोलून मी बाजूला झालो. तिनं कुणाकडे न बघता काम सुरू केलं. शिक्षक प्रश्न मला विचारायचे, मी तिला विचारायचो, ती उत्तर द्यायची. दुपारपर्यंत खोपी उभी राहिली.

मग प्राचार्य आभाराला उठले. "एका आदिवासी भगिनीला सरांनी इथपर्यंत आणलं, स्वतःच्या संशोधनाचं श्रेय तिला दिलं. केवढं हे मनाचं मोठेपण!"

टाळ्या सुरू झाल्या. मोगराबाई हातावरची साल खरवडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हा सांगतो की नाही, एवढंच पाहत होती.

मी पुढे झालो. "साहेब, मोठेपण नाही. संशोधन नव्हतं, पुस्तकही नव्हतं. शाळेतली खोपी यांनीच केली. मी जळगावला मंचावर खोटं बोललो, यांच्या पोरीच्या देखत."

टाळ्या मध्येच तुटल्या. मागे कुणीतरी हसलं. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. पंगतीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मोगराबाई आणि दिवाली समोरच्या रांगेत जेवत होत्या. तीन-चार शिक्षिका मोगराबाईभोवती बसून वहीत काहीतरी काढून घेत होत्या.

मी सगळा प्रकार लिहून जिल्ह्याला पाठवला, सोबत स्पर्धेचं प्रमाणपत्रही. दोन महिन्यांनी ते परत आलं, कोपऱ्यात 'नोंद घेतली' असं लिहिलेलं. तालुक्याच्या बैठकीत मला 'पुस्तकवाले' म्हणू लागले. माझा भाऊ अभिमन म्हणाला, "कुणी विचारलं होतं का तुला?" खरंच कुणी विचारलं नव्हतं, एक मोगराबाई सोडली तर.

ती मला पुढे कधी टोचून बोलली नाही. पण हापशावरून आपणहून हाक मारणं बंद झालं. खोपीची विणाई ती शाळा सुटून मी गेल्यावर, संध्याकाळी येऊन करायची. मला तेही बरोबरच वाटलं.

चैत्रात धुळ्याहून एका शिक्षिकेचं पोस्टकार्ड आलं, मोगराबाईच्या नावानं. मी ते दिवालीकडे दिलं. ती तिथेच, शाळेच्या पायरीवर बसून अडखळत वाचू लागली. तिथल्या सगळ्या काठ्यांना पालवी फुटली होती. पुढे तिला एक शब्द लागेना. आधी तिनं तो स्वतःशी दोनदा जुळवून पाहिला, मग कार्डावरून नजर न उचलता विचारलं, "गुरुजी, 'ऋणी' म्हणजे काय?"

मी सांगितलं. तिनं मान हलवली, कार्ड दप्तरात घातलं आणि घराकडे गेली.